हाक एकाची, ओ कोण देणार?

पावनखिंडीची कथा ठाऊक नाही असे मराठी घर सापडणे कठीण. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवराय विशाळगडाकडे निघाले, बाजीप्रभूंनी खिंड अडवून धरली आणि गडावरच्या तोफांचे आवाज कानी पडेपर्यंत देह ठेवला नाही. १६६० च्या जुलै महिन्यातील त्या बलिदानाचे स्मरण करताना उर भरून येतो; पण त्यातील एक साधी व्यवस्था मात्र नजरेआड होते. तोफांचा इशारा आधी ठरलेला होता. गडावर पोहोचणाऱ्याने काय करायचे आणि खिंडीत झुंजणाऱ्याने त्याचा अर्थ काय घ्यायचा, हे दोन्हीकडे ठाऊक होते. तिथे शौर्य होते आणि शौर्याला संकेताची जोडही होती. ज्यांच्याजवळ ना वीज होती ना यंत्र, त्यांनी संदेशाचे महत्त्व ओळखले होते.

साडेतीन शतकांनंतर त्याच सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या, देशाची आर्थिक राजधानी म्हणवणाऱ्या महानगरात संकटाच्या क्षणी अग्निशामक दलाचा अधिकारी, पोलीस निरीक्षक, रेल्वेचा कर्मचारी आणि रुग्णवाहिकेचा डॉक्टर एकाच ढिगाऱ्याभोवती उभे असतात. त्यातील प्रत्येकाच्या दलाचा नियंत्रण कक्ष वेगळा, संदेशयंत्रणा वेगळी आणि वरिष्ठही वेगळा. त्यांना एकमेकांशी एका क्षणात, एका कळीवर बोलता येते काय? मुंबईच्या उपनगरांनी या प्रश्नाची किंमत रक्ताने मोजली आहे. तरीही हा प्रश्न निवडणुकीच्या जाहीरनाम्यात येत नाही, सभागृहात गाजत नाही आणि वाहिन्यांच्या चर्चेत तर त्याला जागाच नसते.

कुलाब्यात ७३, सांताक्रूझला ९४४

२६ जुलै २००५ हा दिवस अंधेरी, कुर्ला, घाटकोपरचा माणूस कधी विसरणार नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्याची नोंद होती अवघी ७३ मिलिमीटर. या दोन आकड्यांतच त्या दिवसाच्या शोकांतिकेचे मर्म आहे. मंत्रालय दक्षिणेला, महापालिकेचे मुख्यालय दक्षिणेला, पोलीस आयुक्तांचे कार्यालयही दक्षिणेला. तिथल्या खिडक्यांतून दिसत होता तो नेहमीचा आषाढातला पाऊस. पंचवीस किलोमीटर उत्तरेला मिठी नदी आपला हिरावलेला काठ परत घेत होती. लोकलगाड्या रुळांवर थिजल्या होत्या. साकीनाक्याला वस्तीवर दरड कोसळून सत्तरहून अधिक माणसे गाडली गेली.

आणि नेमक्या त्याच वेळी उपनगरे मुकी झाली. पाणी शिरू लागताच वीजपुरवठा बंद झाला, दूरध्वनी निकामी झाले, मोबाइलचे मनोरे गप्प झाले. लाखो माणसे छातीइतक्या पाण्यातून घरचा रस्ता शोधत होती. कोणता रस्ता बुडाला, कुठे दरड आली, कुठे बस अडकली, हे ज्यांना दिसत होते त्यांना सांगता येत नव्हते. आणि ज्यांनी निर्णय घ्यायचे त्यांना दिसत नव्हते. त्या पावसाने राज्यभरात हजारावर बळी घेतले. त्यातील किती जीव वेळेवर पोहोचलेल्या एका संदेशाने वाचले असते, याचा हिशोब कोणीही मांडलेला नाही.

त्या रात्री समाज मात्र जागा होता. स्वयंसेवक, गणेशोत्सव मंडळांचे कार्यकर्ते, चाळींतील गृहिणी, रिक्षाचालक, मंदिरांचे विश्वस्त रस्त्यावर उतरले. दोर बांधून माणसे बाहेर काढली गेली, अनोळखी प्रवाशांना घरात घेऊन पिठलेभात वाढला गेला. दुसऱ्या दिवसापासून राज्यकर्त्यांनी आणि इंग्रजी वृत्तपत्रांनी या सेवाभावाला ‘स्पिरिट ऑफ मुंबई’ असे गोंडस नाव दिले आणि त्या कौतुकाच्या शालीखाली शासनाचे अपयश झाकून टाकले. समाजाचे धैर्य हा समाजाचा गुण आहे. तो राज्यकर्त्यांच्या निष्क्रियतेवरचा उतारा होऊ शकत नाही.

अकरा मिनिटे

वर्ष पुरे होण्याआधीच, ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत अकरा मिनिटांच्या अवधीत सात स्फोट झाले. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. पावणेदोनशेहून अधिक निरपराध नोकरदार घरी पोहोचलेच नाहीत. या यादीकडे नकाशा समोर ठेवून पाहावे. माहीमपासून मीरा रोडपर्यंतच्या या पट्ट्यात रूळ रेल्वेचे, रुळांवरचा गुन्हा लोहमार्ग पोलिसांचा, मालमत्तेचे रक्षण रेल्वे सुरक्षा दलाचे, फलाटाबाहेरचा रस्ता शहर पोलिसांचा, अग्निशामक बंब महापालिकेचे, रुग्णालये कुठे पालिकेची तर कुठे खासगी. मीरा रोड तर मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेर. दहशतवाद्यांनी एकच रेल्वेमार्ग निवडला. त्याला तोंड द्यायला शासनाची निदान अर्धा डझन खाती होती.

घाबरलेल्या शहराने एकाच वेळी फोन हाती घेतले आणि मोबाइलचे जाळे कोलमडले. यात आश्चर्य काहीच नाही. मोबाइलचा मनोरा एका वेळी ठरावीक संभाषणेच पेलू शकतो. मुलगा घरी पोहोचला का, हे विचारणाऱ्या आईचा फोन आणि रुग्णालयात खाटा किती रिकाम्या आहेत, हे विचारणाऱ्या अधिकाऱ्याचा फोन त्याला सारखाच. जखमींना प्रथम हात दिला तो रुळांलगतच्या वस्त्यांतील लोकांनी. त्यांनी घरातल्या चादरींच्या झोळ्या केल्या. शासनाच्या यंत्रणा पोहोचल्या, राबल्याही. पण कोणत्या रुग्णालयात आधीच गर्दी झाली आहे आणि कुठे जागा आहे, हे सर्वांना एकाच क्षणी ऐकू जाईल अशी एक वाहिनी असती, तर त्या चादरींचा प्रवास नक्कीच सोपा झाला असता.

उपनगरांना हा काही पहिला धडा नव्हता. डिसेंबर २००२ मध्ये घाटकोपर स्थानकाबाहेर बेस्ट बसमध्ये स्फोट झाला, मार्च २००३ मध्ये मुलुंडला लोकलच्या महिला डब्यात झाला, त्याच वर्षी जुलैमध्ये घाटकोपरला पुन्हा बसमध्येच झाला. प्रत्येक वेळी श्रद्धांजली वाहिली गेली, भरपाई जाहीर झाली आणि चौकशीची घोषणा झाली. संदेशयंत्रणेचा प्रश्न मात्र पुढच्या स्फोटाची वाट पाहत पडून राहिला.

शत्रूचा दोरा एक

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री तर हा विरोधाभास जगाने पाहिला. पाकिस्तानातून आलेले दहा दहशतवादी निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेले होते. पण त्यांचे सूत्रधार कराचीत बसून, इंटरनेटमार्गे जोडलेल्या फोनवरून त्यांना क्षणाक्षणाला सूचना देत होते. वाहिन्यांवर काय दिसते आहे, कमांडो कुठे उतरत आहेत, ओलिसांचे काय करायचे, हे सारे एका आवाजात सांगितले जात होते. शत्रूचा दोरा एकच होता आणि तो समुद्रापलीकडे असूनही तुटला नाही.

आपल्या बाजूला काय होते? त्या रात्री पश्चिम द्रुतगती महामार्गावर विलेपार्ल्याजवळ टॅक्सीत स्फोट झाला, माझगावात दुसऱ्या टॅक्सीत झाला आणि हल्ला नेमका किती ठिकाणी आहे याचेच चित्र धूसर झाले. कामा रुग्णालयापाशी पोहोचलेल्या हेमंत करकरे यांनी रुग्णालयाला वेढा घालण्यासाठी बिनतारी यंत्रणेवरून कुमक मागितली होती. नियंत्रण कक्षाच्या नोंदी विनीता कामटे यांनी माहितीच्या अधिकारात झगडून मिळवल्या, म्हणून ही गोष्ट जगासमोर आली. संदेश निघाला होता, नोंदला गेला होता. पण वेढा वेळेत पडला नाही. करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर या तीन शूर अधिकाऱ्यांना त्याच रुग्णालयालगतच्या गल्लीत वीरमरण आले.

या घटनेतून एक कठोर धडा मिळतो. नुसते यंत्र हाती असून भागत नाही. सर्व बाजूंचे संदेश एकत्र करणारा, त्यांचा अर्थ लावणारा आणि अधिकाराने आज्ञा देणारा एक माणूस त्या यंत्राच्या दुसऱ्या टोकाला असावा लागतो. राम प्रधान समितीने २००९ साली दिलेल्या अहवालात नेतृत्वाच्या आणि ठरलेल्या कार्यपद्धतीच्या पालनाच्या बाबतीत कठोर ताशेरे ओढले. तत्कालीन काँग्रेस आघाडीच्या सरकारने त्या अहवालावर खुली चर्चा घडवण्याऐवजी तो झाकून ठेवण्यातच अधिक रस दाखवला. ज्या राष्ट्राला आपल्या चुका वाचण्याचे धैर्य नाही, ते राष्ट्र त्या चुका पुन्हा करते.

यंत्रे एकमेकांशी का बोलत नाहीत?

बिनतारी संच हे जादूचे यंत्र नाही. कळ दाबून एकाने बोलायचे आणि त्या लहरीवर असलेल्या सर्वांनी ऐकायचे, हे त्याचे सामर्थ्य. मोबाइल दोन माणसांना जोडतो. बिनतारी संच संपूर्ण पथकाला जोडतो. मात्र त्यासाठी सर्वांचे संच एकाच लहरीवर आणि एकाच पद्धतीने चालणारे हवेत. एका दलाची वारंवारता निराळी, दुसऱ्याचा संच जुन्या पद्धतीचा, तिसऱ्याचा आधुनिक डिजिटल आणि सांकेतिक, असे झाले की दोन हातांच्या अंतरावर उभी असलेली माणसे एकमेकांना बहिरी होतात. प्रत्येक खाते आपापली निविदा काढते, आपापला पुरवठादार निवडतो आणि शेजारच्या खात्याचे यंत्र कोणते, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

त्यात उपनगरांचा भूगोल आडवा येतो. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत मधोमध राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. पूर्वेच्या लहरी पश्चिमेला सहजी पोहोचत नाहीत. अंधेरी-गोरेगावात उभ्या राहिलेल्या उत्तुंग इमारतींच्या काँक्रीटने लहरी अडतात. उंचावर बसवलेले रिपीटर हा त्यावरचा उपाय. पण रिपीटरची वीज गेली आणि बॅटरी संपली की पुन्हा अंधार. २०२४ पासून आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल आणि पुढे दक्षिणेकडे भुयारी मेट्रो धावू लागली. सीप्झ, मरोळ, विमानतळ ही तिची स्थानके जमिनीच्या पोटात आहेत. भुयारात बाहेरची लहर आपोआप शिरत नाही. तिच्यासाठी खास केबल टाकावी लागते आणि तिच्यावर रेल्वेच्या माणसांइतकाच अग्निशामक जवानाचा आणि पोलिसाचा संच चालतो की नाही, हे तपासून पाहावे लागते.

ज्यांचे अनुकरण करण्यात आपला अभिजन वर्ग धन्यता मानतो, त्या पाश्चात्त्यांनीही हा धडा महागातच शिकला. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ रोजी पोलीस हेलिकॉप्टरमधील वैमानिकांना उत्तरेचा मनोरा कोसळण्याची चिन्हे दिसली, त्यांनी आपल्या यंत्रणेवर इशाराही दिला. अग्निशामक दलाची यंत्रणा निराळी होती. आतल्या जवानांपर्यंत तो इशारा पोहोचला नाही. त्या दिवशी त्या दलाचे ३४३ जवान मृत्युमुखी पडले. लंडनमध्ये १९८७ साली किंग्ज क्रॉस स्थानकाला आग लागल्यावर चौकशीने भुयारातील संदेशयंत्रणा सुधारण्यास सांगितले होते. ७ जुलै २००५ च्या स्फोटांच्या वेळी भुयारांत पुन्हा तीच उणीव आढळली आणि निरोप घेऊन माणसांना धावावे लागले. अहवाल कपाटात ठेवण्याचा रोग एकट्या भारताचा नाही, एवढाच त्यातला दिलासा. फरक इतका की, त्यानंतर त्या देशांनी सामायिक यंत्रणेसाठी कायदे केले आणि पैसा ओतला.

एक क्रमांक, अनेक कान

‘आता ११२ हा एकच क्रमांक आला, चौकाचौकांत कॅमेरे आले, मोबाइलवर धोक्याचा भोंगा वाजवण्याची सोय झाली, मग अडचण कोणती?’ असे उत्तर प्रशासनाकडून हमखास मिळते. या सोयी स्वागतार्हच आहेत. पण त्या निराळ्या प्रश्नाचे उत्तर आहेत. ११२ हा नागरिकाला शासनाशी जोडतो. भोंगा शासनाला नागरिकाशी जोडतो. घटनास्थळी उभ्या असलेल्या पाच दलांना एकमेकांशी कोण जोडतो?

दुसरा आक्षेप गुप्ततेचा. पोलिसांचे संभाषण सर्वांनी ऐकावे काय, असे विचारले जाते. मुळीच नाही. प्रत्येक दलाची खासगी वाहिनी त्याच्याकडेच राहील. आपत्तीच्या घटनास्थळासाठी एक वेगळी, सर्वांसाठी राखीव वाहिनी असावी आणि तिच्यावर केवळ जीव वाचवण्यापुरते बोलावे, एवढीच मागणी आहे. आधुनिक डिजिटल यंत्रणेत निरनिराळ्या दलांचे गट तात्पुरते एकत्र जोडण्याची सोय असते. जुने संच असतील तर त्यांना जोडणारी मध्यस्थ यंत्रे मिळतात. आणि काहीच नसेल तर आपल्या दलाचे दोन जादा संच गाडीत ठेवून घटनास्थळी पोहोचताच दुसऱ्या दलाच्या प्रमुखाच्या हाती देणे, याला तर निविदेचीही गरज नाही. इच्छा असली की पुरे.

तिसरा आक्षेप खर्चाचा. चौकांच्या सुशोभीकरणाला, दिव्यांच्या रोषणाईला, स्वागतकमानींना या महानगरात पैसा कमी पडल्याचे कोणी ऐकलेले नाही.

घाटकोपरचा फलक

१३ मे २०२४ रोजी वळवाच्या वादळात घाटकोपर पूर्वेला छेडानगरच्या पेट्रोल पंपावर अजस्र जाहिरात फलक कोसळला आणि सतरा जणांचा बळी गेला. जमीन लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातील, परवानगीचा वाद त्यांच्यात आणि महापालिकेत. खाती एकमेकांशी बोलत नाहीत, तेव्हा संकट कसे उभे राहते, याचे ते विदारक उदाहरण. मग त्याच ढिगाऱ्यावर अग्निशामक दल, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, पोलीस, पालिका अशी सारी पथके उतरली. खाली पेट्रोलच्या टाक्या असल्याने लोखंड कापायला गॅस कटर वापरणेही धोक्याचे. अशा जागी एका पथकाने ठिणगी पाडली आणि दुसऱ्याला वेळीच कळले नाही, तर वाचवणारेच बळी ठरतात. तिथे राबलेल्या जवानांच्या निष्ठेला वंदनच केले पाहिजे. पण जवानाच्या निष्ठेवर यंत्रणेची उणीव लादणे हा त्या निष्ठेचा अपमान आहे.

त्याआधी २०१८ साली त्याच घाटकोपरात भरवस्तीत छोटे विमान कोसळले, अंधेरीत गोखले पुलाचा भाग रुळांवर पडला, मरोळच्या कामगार रुग्णालयाला आग लागली. विमान, पूल, रुग्णालय, फलक. प्रत्येक वेळी धावून जाणाऱ्या दलांची यादी बहुतांशी तीच. संकटाचे रूप बदलते, धावणारे तेच असतात. मग त्यांची भाषा, त्यांची वाहिनी आणि त्यांची आज्ञा आधीच ठरवून ठेवायला कोणाची हरकत आहे?

सबबी संपल्या

२००५ आणि २००८ साली सत्तेवर कोण होते, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. त्यांच्या निष्काळजीपणाचा जाब इतिहास मागेलच. पण आज केंद्रात आणि राज्यात राष्ट्रीय विचारांचे शासन आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने अधिकार दिलेले आहेत. म्हणून आता दोष देण्यासाठी दुसरे दार उरलेले नाही. आपल्या विचारांच्या शासनाकडून अधिक अपेक्षा ठेवणे आणि ती ठणकावून मांडणे, हेच कार्यकर्त्याचे कर्तव्य ठरते. टाळ्या वाजवण्यासाठी इतर पुष्कळ आहेत.

मागण्या मोजक्या आहेत. उपनगरांतील सर्व आपत्कालीन दलांसाठी एक राखीव सामायिक वाहिनी असावी. वीज गेली तरी रिपीटर चालू राहील अशी सोय असावी. भुयारी स्थानके आणि उंच इमारतींत सर्व दलांच्या संचांची तपासणी व्हावी. घटनास्थळी आज्ञा कोणाची चालेल, हे आधीच लिहून ठेवावे. सांकेतिक आकड्यांऐवजी साध्या मराठीत आणि हिंदीत बोलण्याचा नियम करावा. आणि पावसाळ्यापूर्वी अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथे मोबाइल बंद ठेवून सर्व दलांची एकत्र रंगीत तालीम व्हावी. तिचे निष्कर्ष जनतेसमोर मांडावेत. जी यंत्रणा तालमीत बोलत नाही, ती प्रलयात बोलणार नाही.

समाजाचाही यात वाटा आहे. परीक्षा देऊन, केंद्र सरकारचा परवाना घेऊन हौशी रेडिओ चालवणारे नागरिक देशात आहेत. किल्लारीच्या आणि भूजच्या भूकंपात, बाकी सर्व मार्ग तुटले असता, त्यांनीच संदेश पोहोचवले. मोबाइलच्या खेळांत गुंतलेल्या तरुणांपैकी नगरागणिक चार-पाच जणांनी जरी हा परवाना मिळवला, तरी पुढच्या २६ जुलैला ते उपनगर मुके राहणार नाही. सेवाकार्यात उत्साह कधीच कमी नव्हता. आता त्याला कौशल्याची जोड हवी.

शाखेत मुख्यशिक्षकाची एक शिट्टी होते आणि मैदानभर विखुरलेले, निरनिराळ्या खेळांत रंगलेले बाल, तरुण, प्रौढ क्षणात एका रेषेत उभे राहतात. त्या शिट्टीचा अर्थ प्रत्येकाला आधी शिकवलेला असतो, रोज गिरवलेला असतो. पाचवीतला मुलगा जे सहज करतो, ते प्रचंड अंदाजपत्रके बाळगणाऱ्या खात्यांना अशक्य का वाटावे? बाजीप्रभू खिंडीत उभे होते ते गडावरून आवाज येणार, या विश्वासावर. आजही प्रत्येक ढिगाऱ्यापाशी, प्रत्येक तुंबलेल्या पुलाखाली कोणीतरी जवान असाच कान देऊन उभा आहे. गडावरून तोफ उडते की नाही, एवढाच प्रश्न आहे.